पाण्याचा श्वास मोजताना

माहीमचा उपसागर, मुंबई : विहार-पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून इथे समुद्राला मिळते. वाटेतले सांडपाणी घेऊनच.

विरघळलेला प्राणवायू : मासे श्वसनासाठी वापरतात तो हाच, पाण्याच्या रेणूतला नव्हे. मोजतात लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. २८ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात तो ८च्या आसपास मावतो, समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या. पाणी तापले की आणखी कमी. २च्या खाली गेला की बहुतेक मासे तिथून पळ काढतात किंवा मरतात.

बीओडी : इथे गल्लत हमखास होते. हा पाण्यातला प्राणवायू नव्हे, तर घाण कुजवताना जिवाणू जो फस्त करतात तो. भारतात नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. आकडा मोठा, तितके पाणी वाईट.

निकष : पोहणे आणि व्यापारी मासेमारीसाठीच्या समुद्रपाण्यात प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के, यांपैकी जे जास्त ते. बीओडी ३पर्यंत.

विंकलर चाचणी (१८८८) : बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा एकही नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड टाकले की साका धरतो. तपकिरी असेल तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर नाही.

वेळ : नोंदीत भरती-ओहोटी आणि घड्याळ दोन्ही हवे. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे पातळी सर्वांत खाली असते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याच्या तळ्यातही पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर कारण बहुधा हेच असते.