अर्ध्या आण्यावर कोरायचं का?

दिवाळीची आवराआवर चालली होती. आईच्या कपाटाच्या तळातून गोळ्यांचा एक चपटा पत्र्याचा डबा निघाला. आत जुनी चिल्लर होती: भोकाचा पैसा, काही आणे आणि तांब्याचा एक अर्धा आणा. त्यावर महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांचा चेहरा, संवत १९९२, म्हणजे आपलं १९३५ साल. माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने तो उचलला, खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मावशी, यावर मी कोरू?"

आईने त्याच्या हातातून नाणं घेतलं आणि डबा बंद केला.

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक होतं. महिनाभर तो मोबाइलवर एकच प्रकार बघत होता. कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली नाणं धरून त्यावरच्या राणीची कवटी करतंय, कुणी राष्ट्राध्यक्षाला दाढी लावतंय. जगभरात सध्या या कलेला पुन्हा बहर आलाय. रशियातला रोमन बूटीन नावाचा कारागीर तर नाण्याच्या पोटात हलणारे भाग बसवतो. मी आधी 'काय वेळ घालवतोस' म्हणून ओरडले होते. मग शेजारी बसून बघायला लागले आणि माझाही तासभर गेला.

या कलेचं प्रसिद्ध नाव 'होबो निकल'. होबो म्हणजे अमेरिकेत मालगाड्यांतून फुकट प्रवास करत, मिळेल ते काम करत गावोगाव हिंडणारा माणूस. १९१३ साली तिथे पाच सेंटचं एक नवं नाणं आलं, एका बाजूला मूळनिवासी माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला गवा. व्यास जेमतेम २१ मिलिमीटर. पण चेहरा मोठा, जवळजवळ सगळी जागा व्यापणारा, आणि नाणं जाडसर. कोरायला आयतं मैदानच मिळालं! खिळा, चाकू, घासून टोकदार केलेली कानस, जे हाताशी असेल त्याने ही मंडळी चेहरा बदलायची. टोपी घालायची, मिशा काढायची, स्वतःचं किंवा मित्राचं रूप द्यायची. पाच सेंटच्या बदल्यात एक वेळचं जेवण, रात्रीचा आसरा किंवा थोडे जास्त पैसे मिळायचे.

त्यातला बर्ट नावाचा कारागीर मला फार आवडला. नाण्यावर 'लिबर्टी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत होता. त्यातली पहिली दोन आणि शेवटचं एक अक्षर त्याने घासून टाकलं की उरायचं त्याचं स्वतःचं नाव! बर्टने बो ह्यूज नावाच्या एका पोराला हे काम शिकवलं आणि पुढे बोची नाणी संग्राहकांनी जपून ठेवली. १९३८ साली ते नाणं पाडणं बंद झालं. कलाही मागे पडली. १९८० नंतर संग्राहकांनी तिची पुस्तकं काढली, १९९२ साली हौशी लोकांची संस्था झाली आणि नवे कोरणारे पुढे आले. आता खिळ्याच्या जागी हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आली आहे. पण हात तोच लागतो.

भाच्याला हे सगळं अमेरिकेचं वाटत होतं. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि आईच्या लग्नातला पितळी डबा दाखवला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'चि. सौ. कां.' आणि पुढे नाव, तारीख, गाव. भांड्यांच्या दुकानात एक माणूस मांडी घालून बसायचा, हातात बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी, आणि टकटक करत आपल्या डोळ्यांदेखत नाव घालून द्यायचा. आमच्या डब्यावर त्याने 'इंदूर'चं 'इंदोर' केलंय. त्यावरून माझे आजोबा पुढे कित्येक वर्षं चिडायचे! आता मशीन आलंय, नाव कसं गुळगुळीत येतं. ठिपके नाहीत, चूकही नाही.

आणि नाण्याचा दागिना करणं? तेही घरात होतंच. पुतळ्यांची माळ आपल्यातल्या किती आज्यांच्या गळ्यात होती! तिच्या पुतळीचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे. त्यावरच्या परक्या संताला आणि शासकाला आपल्या बायकांनी सरळ राम-सीता करून टाकलं.

पण इंदूरच्या मुलाला खरं सांगायला हवं ते टांकसाळीचं. होळकरांच्या जुन्या चांदीच्या रुपयावर गाव 'मल्हारनगर' असं यायचं आणि खूण म्हणून डोळे-नाक असलेला सूर्य. महेश्वरच्या नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान. नाव मात्र दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. तो १८०६ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाने रुपये पुढेही पडतच राहिले. त्याच वर्षी, शके १७२८ मध्ये, पहिल्या यशवंतरावांनी संस्कृत मजकुराचा रुपया पाडला, तो वेगळा आणि दुर्मीळ.

हे रुपये हाताने पडायचे. पोलादी ठशावर कारागीर अक्षरं आणि चिन्हं कोरायचा, तीही उलटी, आरशात दिसावीत तशी. ठशावर चांदीची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. गंमत म्हणजे ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे नाण्यावर मजकुराचा तुकडाच उमटतो. कधी अर्धा सूर्य, कधी नुसतं कपाळ. त्या कारागिराने पूर्ण सूर्य कोरला होता, लोकांच्या हातात मात्र तो बहुधा तुकड्यातुकड्यानेच गेला. बर्टने नाव मागे ठेवलं, यांनी तेही नाही.

भाचा ऐकत होता, पण मूळ प्रश्न सोडत नव्हता. "मग मी कोरलं तर काय बिघडतं?"

बिघडतं. एक तर कायदा. चालू नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं याला २०११ च्या नाणे अधिनियमाने मनाई आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अमेरिकेत फसवणुकीचा हेतू नसेल तर कोरलेलं चालतं, आपल्याकडे त्या भरवशावर राहू नये. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांनी आजीचा डबा सामानात भरण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट कायद्याची नव्हे. ब्रिटनमध्ये दोनशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणारे कैदी तांब्याची पेनी घासून सपाट करायचे आणि त्यावर बायकोचं, आईचं नाव, 'मला विसरू नकोस' असा मजकूर कोरून मागे ठेवायचे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून अधिक नाणी आहेत. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी पेनी घासली. तुझ्याकडे बाजारभर तांबं आहे आणि हा अर्धा आणा एकच. माझं हे म्हणणं त्याला पटलं असं नाही. "होबोंनीपण नाणी खराबच केली ना?" असं तो म्हणाला, आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. त्यांची नाणी तेव्हा नेहमीच्या चलनातली होती, एवढंच सुचलं.

राजवाड्यामागच्या बाजारातून आम्ही तांब्याच्या जाड पत्र्याच्या बारा चकत्या कापून आणल्या. सराफ्यात एका वयस्क कारागिराने त्याला दुपारभर बसवून घेतलं. चकती लाखेत कशी घट्ट बसवायची, कलम कसं तिरकं धरायचं, जोर मनगटाचा नको, तळहाताचा हवा. संध्याकाळी दुकानांची शटर खाली आली, समोर भुट्ट्याच्या किसाची कढई चढली, तरी हा उठेना.

पहिल्या पाच चकत्या वाया गेल्या. कलम निसटून अंगठ्यात गेलं, पट्टी बांधावी लागली. सहाव्या चकतीवर त्याने सूर्य कोरला, दोन्ही डोळे एकाच बाजूला झुकलेले. सातव्यावर आजीचं नाव, जुन्या डब्यावरच्या अक्षरांसारखं, ठिपक्याठिपक्यांत. मग काय वाटलं कुणास ठाऊक, गरम लाखेवर ती चकती दाबून बघितली. नाव उलटं उमटलं.

"मग ते लोक उलटं कोरायचे ते हे," तो म्हणाला आणि आठवी चकती घेतली.

आई चष्मा लावून सातवी चकती बघत होती. "गाव घातलं नाहीस," म्हणाली. "आणि घालशील तर इंदूर घाल." अर्ध्या आण्याचा डबा तिने परत कपाटात ठेवला. या वेळी कुलूप लावून.