सिंहाचा गल्ला आणि तिकिटांचा हिशेब

डिस्नेचा नवा ‘द लायन किंग’ २०१९ च्या जुलैत आला आणि त्याने जगभरातून सुमारे १६६ कोटी डॉलर मिळवले. तो ज्या अ‍ॅनिमेशनपटावर बेतला होता, त्या १९९४ च्या ‘लायन किंग’ने अमेरिकेतल्या पहिल्या प्रदर्शनात ३१ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली होती. नव्याने एकट्या अमेरिकेत ५४ कोटींचा टप्पा ओलांडला. बातम्यांमध्ये हे आकडे शेजारी-शेजारी छापले गेले आणि नव्या सिंहाने जुन्याला मागे टाकलं, असा समज पक्का झाला.

हेच आकडे तिकिटाच्या दराने भागून पाहू. अमेरिकेत १९९४ साली तिकिटाचा सरासरी दर ४.०८ डॉलर होता. २०१९ साली तो ९.१६ डॉलर झाला. या हिशेबाने जुन्या ‘लायन किंग’ची सुमारे साडेसात कोटी तिकिटं खपली आणि नव्याची सहा कोटींच्याही आत. मधल्या २५ वर्षांत अमेरिकेची लोकसंख्या २६ कोटींवरून ३३ कोटींच्या घरात गेली. म्हणजे १९९४ साली दर शंभर माणसांमागे २९ तिकिटं खपली होती, तर २०१९ साली १८. सरासरी दर वापरल्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. लहान मुलांची तिकिटं स्वस्त असतात, थ्रीडीची महाग. पण २९ आणि १८ यांच्यातलं अंतर एवढ्याने भरून निघत नाही.

‘अलादीन’चा हिशेबही याच दिशेने जातो. १९९२ चा अ‍ॅनिमेशनपट सुमारे सव्वापाच कोटी तिकिटांचा, २०१९ चा विल स्मिथचा ‘अलादीन’ चार कोटींच्या किंचित खाली. दोन्हींच्या डॉलरमधल्या कमाईकडे पाहिलं, तर नवा दीडपटीहून मोठा दिसतो.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’चे आकडे मात्र उलट आहेत. १९९१ च्या चित्रपटाची अंदाजे साडेतीन कोटी तिकिटं खपली आणि एमा वॉटसनच्या २०१७ च्या चित्रपटाची साडेपाच कोटींहून जास्त. हा अपवाद महत्त्वाचा आहे, कारण रिमेकची कमाई येते कुठून, ते त्यातून कळतं. १९९१ साली अमेरिकेतही अ‍ॅनिमेशन म्हणजे मुलांची करमणूक असंच मानलं जाई. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनांत स्थान मिळवणारा पहिला अ‍ॅनिमेशनपट म्हणून ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ने ती समजूत मोडायला सुरुवात केली. पुढे या चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट घराघरांत गेल्या. एकट्या ‘लायन किंग’च्या तीन कोटींहून अधिक कॅसेट विकल्या गेल्या. मुलांनी तो शंभर-शंभर वेळा पाहिला, संवाद पाठ केले. १९९४ साली सात वर्षांचं असलेलं मूल २०१९ साली ३२ वर्षांचं झालं होतं, आणि बहुधा त्याचा हात धरून आणखी एक सात वर्षांचं मूल चित्रपटगृहात शिरत होतं.

मूळ चित्रपट आणि रिमेक यांतलं अंतर मांडलं की हे आणखी स्पष्ट होतं. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ २६ वर्षं, ‘अलादीन’ २७ वर्षं, ‘लायन किंग’ २५ वर्षं, ‘लिलो अँड स्टिच’ २३ वर्षं. या चारही रिमेकनी जगभरात १०० कोटी डॉलरची रेषा पार केली. आता दुसरं टोक पाहा. १९४१ च्या ‘डंबो’चा रिमेक ७८ वर्षांनी आला, त्याला सुमारे ३५ कोटी डॉलर मिळाले. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’चा रिमेक ८८ वर्षांनी, २०२५ साली आला आणि साडेवीस कोटींच्या आसपास थांबला. तिकीटबारीवरचा पैसा आईवडिलांच्या आठवणीचा असतो, आणि ती आठवण साधारण एका पिढीएवढीच टिकते.

या नियमाबाहेरचे चित्रपटही आहेत. २०१० चा ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ १०० कोटींपलीकडे गेला, पण तो ‘अवतार’नंतर लगेच आलेल्या थ्रीडीच्या लाटेवर. २०२० च्या ‘मुलान’वर कोविड कोसळला. २०२३ चा ‘द लिटल मर्मेड’ जवळपास ५७ कोटींवर राहिला, आणि त्याचा खर्चच २५ कोटींच्या वर होता. आणि ‘द जंगल बुक’ मला या सगळ्या यादीत सर्वांत वेगळा वाटतो. त्याच्याकडे पुढे येतोच.

गल्ल्याचा आकडा वाचताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. तो सगळा पैसा निर्मात्याच्या खिशात जात नाही. ढोबळमानाने अर्धा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो. ‘डंबो’च्या ३५ कोटींतले निम्मे धरले तर साडेसतरा कोटी होतात, आणि चित्रपट बनवायलाच १७ कोटी लागले होते. जाहिरातीचा खर्च वेगळा. ‘स्नो व्हाइट’ला तर २५ कोटींच्या घरात खर्च आला होता, परत आलेले सुमारे दहा कोटी. एवढ्या तोट्याचा चित्रपटसुद्धा मथळ्यात ‘वीस कोटी डॉलरची कमाई’ असाच दिसतो.

आता प्रश्न दर्जाचा. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर १९९४ च्या ‘लायन किंग’ला ९० च्या वर टक्के आहेत, २०१९ च्या चित्रपटाला ५० च्या किंचित वर. हे टक्के परीक्षेतले गुण नव्हेत. किती समीक्षकांनी एकंदरीत बरं मत दिलं, एवढंच ते सांगतात. ५२ टक्के याचा अर्थ जवळपास निम्म्या समीक्षकांना चित्रपट पटला नाही. प्रेक्षकांचा कौल त्याच ठिकाणी ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांच्या फटीवरून बरीच भांडणं होतात. मला त्यात विरोध दिसत नाही. प्रेक्षक आपल्या बालपणाला भेटायला गेले होते आणि त्यांची भेट झाली. समीक्षकांनी पडद्यावर काय आहे, तेवढंच पाहिलं.

पडद्यावर काय होतं, ते पाहू. दिग्दर्शक जॉन फाव्हरोंनी स्वतः सांगितलं आहे की अख्ख्या चित्रपटात कॅमेऱ्याने खरोखर टिपलेलं दृश्य एकच आहे, सुरुवातीच्या सूर्योदयाचं. बाकी सगळं संगणकावर तयार झालेलं. म्हणजे ज्याला आपण ‘लाइव्ह-अ‍ॅक्शन’ म्हणतो, तोही अ‍ॅनिमेशनपटच आहे. फरक इतकाच की इथे अ‍ॅनिमेशनने स्वतःची ताकद सोडून वन्यजीव माहितीपटासारखं दिसायचं ठरवलं. १९९४ च्या चित्रकारांनी सिंहाला भुवया दिल्या होत्या. खलनायक स्कारचा कावा भुवईच्या एका रेषेत दिसे, वडील मुफासाच्या मृत्यूनंतर छोट्या सिंबाचा चेहरा रडे. खऱ्या सिंहाच्या तोंडाचे स्नायू माणसासारखे हलत नाहीत, त्यामुळे नव्या सिंबाच्या आवाजात दुःख आहे आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मूळ चित्रपटात सिंबाच्या राजा होण्याच्या गाण्यात प्राण्यांचा मनोरा रचला जातो, रंग बदलतात, आफ्रिकेचं कुरण एखाद्या मुलाच्या कल्पनेसारखं होऊन जातं. रिमेकमध्ये त्याच गाण्यावर दोन छावे पाणवठ्यावर धावतात. स्कारचं ‘बी प्रिपेअर्ड’ तर जवळजवळ बोलण्यावर आणून ठेवलं आहे. १९९४ च्या चित्रपटाला साडेचार कोटी डॉलर लागले होते, या चित्रपटाला २५ कोटींच्या आसपास. सुमारे पावणेदोन पट महागाई धरली तरी खर्च कितीतरी वाढला आणि भाव मात्र कमी झाला. अलीकडच्या तीस वर्षांतल्या चित्रपटांपैकी ज्याला त्याच्या लायकीपेक्षा सर्वांत जास्त पदरात पडलं असा एक निवडायचा झाला, तर मी हाच निवडेन.

लांबीचे आकडेही बोलके आहेत. ‘लायन किंग’ ८८ मिनिटांवरून ११८, ‘अलादीन’ ९० वरून १२८, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ८४ वरून १२९, ‘द लिटल मर्मेड’ ८३ वरून १३५. ‘डंबो’ ६४ मिनिटांचा होता, तो ११२ चा झाला. जवळपास पाऊणपट वाढ. हाताने काढायच्या अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक सेकंदाला २४ चौकटी लागतात, म्हणून अनावश्यक दृश्य पटकथेतच गळून पडतं. त्या सक्तीतून आलेली घट्ट बांधणी रिमेकमध्ये सैल होते. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची नायिका बेल हिची आई कशी वारली, हे २०१७ च्या चित्रपटात सविस्तर कळतं. ते कळल्याने तिच्या प्रेमकथेत काहीही भर पडत नाही.

उलट बाजूने, मोठी गोष्ट छोट्या पिंपात कोंबण्याचाही प्रकार झाला आहे. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या पहिल्या पर्वात २० भाग होते. २०१० साली एम. नाइट श्यामलन यांनी ते १०३ मिनिटांत बसवले. पात्रं गोष्ट जगण्याऐवजी एकमेकांना गोष्ट सांगत राहिली. तरी या चित्रपटाने जवळजवळ ३२ कोटी डॉलर मिळवले. तीन भागांची योजना मात्र तिथेच संपली.

आता ‘द जंगल बुक’. १९६७ च्या अ‍ॅनिमेशनपटानंतर ४९ वर्षांनी, २०१६ साली तो आला, आणि तोही फाव्हरोंचाच. जगभरात ९६ कोटी डॉलरच्या वर, समीक्षकांची पसंती ९० टक्क्यांपलीकडे, दृश्यपरिणामांचं ऑस्कर. इथेही जंगल संगणकातलंच होतं, पण मधोमध नील सेठी हा हाडामांसाचा मुलगा होता. भीती, हट्ट, आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि प्राण्यांच्या चेहऱ्याची उणीव तो भरून काढत होता. भारतात हा चित्रपट अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिलला लागला. हिंदी आवृत्तीत शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’ मालिकेतही शेरखान त्यांच्याच आवाजात बोलायचा. ज्यांनी ती मालिका रविवारी पाहिली होती, ते २०१६ साली स्वतःची मुलं घेऊन आले. इथेही आठवणीचंच गणित होतं, फक्त ती आठवण डिस्नेची नव्हती. भारतात तो तोवरचा सर्वाधिक कमाई करणारा हॉलिवूडपट ठरला.

आपल्याकडेही हे अंतर मोजता येतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि त्याच्यावरचा श्रीरंग गोडबोले यांचा मराठी चित्रपट २०१२ साली आला. अंतर २१ वर्षं. पुढच्याच वर्षी दुसरा भागही आला. ‘छोटा भीम’चा २०१२ चा ‘कर्स ऑफ दमयान’ मात्र बारा वर्षांतच, २०२४ साली, खऱ्या नटांना घेऊन पुन्हा बनवला गेला.

२०२५ ने तर दोन महिन्यांच्या अंतराने दोन उत्तरं समोर ठेवली. मार्चमधल्या ‘स्नो व्हाइट’ने सात बुटक्यांना संगणकावर खऱ्या माणसांसारखं करायला घेतलं आणि ते बघवत नव्हतं. मे महिन्यातल्या ‘लिलो अँड स्टिच’ने निळ्या स्टिचला कार्टूनच राहू दिलं. त्याला आवाजही मूळ सह-दिग्दर्शक ख्रिस सँडर्स यांचाच. खर्च १० कोटी, कमाई १०३ कोटींच्या वर. जूनमध्ये ड्रीमवर्क्सचा ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ आला. तो मूळ चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक असलेल्या डीन डेब्लॉइस यांनीच केला आणि टूथलेस या ड्रॅगनचं रूप जवळपास होतं तसंच ठेवलं. १५ कोटींचा चित्रपट ६३ कोटींच्या पुढे गेला. कार्टूनमधलं कार्टूनपण जितकं शिल्लक राहिलं, तितका चित्रपट जिवंत राहिला.

मग अ‍ॅनिमेशनपटाला ‘खरं’ करण्याची गरज कुठे आहे? ‘इनसाइड आउट २’ या निखळ अ‍ॅनिमेशनपटाने २०२४ साली जवळपास १७० कोटी डॉलर मिळवून २०१९ च्या ‘लायन किंग’ला मागे टाकलं. चीनचा ‘न झा २’ २०२५ साली २०० कोटींच्याही पुढे गेला.

तरीही डिस्नेने ‘मोआना’च्या लाइव्ह-अ‍ॅक्शन रिमेकसाठी १० जुलै २०२६ ही तारीख जाहीर केली. मूळ चित्रपट २०१६ चा, म्हणजे अंतर दहा वर्षं. तिथे आईवडिलांच्या आठवणीची वाटही पाहिलेली नाही. कारणही आकड्यातच आहे. नील्सनच्या मोजणीनुसार २०२३ साली अमेरिकेत घरबसल्या सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ‘मोआना’ होता, १,१६० कोटी मिनिटं. मुलं मूळ चित्रपटावर एवढी खूष असताना त्याची नक्कल बनवणं हा कल्पनेचा दुष्काळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आईवडिलांना विनंती एवढीच की रिमेकचं तिकीट काढण्याआधी मुलांना मूळ अ‍ॅनिमेशनपट दाखवा, आणि कोणता आवडला ते त्यांनाच विचारा.