बरं वाटतंय, पण नळी रिकामी होतेय का? गिळण्याचा आजार आणि पाच मिनिटांचा एक्स-रे

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचून काढा.)

शेवटचा घास गिळलात, तो पोटात कसा पोहोचला याचा विचार केलात का? नाही ना? मीही कधी केला नव्हता. मग आमच्या राजोडीच्या घरात मावशीचं जेवण अडकायला लागलं.

सुरुवात भाकरीपासून झाली. छातीत मधोमध अडकते म्हणायची. मग भात, मग चक्क पाणी. रात्री आडवं झालं की न पचलेलं अन्न तोंडात यायचं. जवळजवळ दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. वजन उतरलं. शेवटी मुंबईत तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं: अकॅलेशिया.

म्हणजे काय? आपली अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब. घास तिच्यातून नुसता पडत नाही, नळीचे स्नायू लाटेसारखे आकसत त्याला खाली ढकलतात. तळाशी, जठराच्या तोंडावर, स्नायूंचं एक कडं असतं. एरवी बंद, घास आला की सैल. अकॅलेशियात नळीतल्या मज्जापेशी नष्ट होतात. लाट थांबते आणि कडं सैल होत नाही. अन्न वरच साचतं. आजार दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एखादा नवा रुग्ण. म्हणून चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.

मेलेल्या मज्जापेशी परत आणणारं औषध नाही. उपचार एकच गोष्ट करतात, ते कडं सैल करतात. फुग्याने ताणून, शस्त्रक्रियेने कापून, किंवा 'पोएम' करून. पोएममध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच स्नायू कापतात. जपानमध्ये डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा हे माणसावर केलं. आता मुंबईतही होतं. मावशीचं पोएमच झालं.

आता आजचा खरा मुद्दा. उपचार लागू पडला हे ठरवायचं कसं?

पहिला मार्ग, पेशंटला विचारायचं. त्यासाठी एकार्ट स्कोअर आहे. चार प्रश्न: घास अडकतो का, अन्न वर येतं का, छातीत दुखतं का, वजन किती घटलं? प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण १२. तीन किंवा कमी आले तर उपचार यशस्वी मानतात. मावशीचे आधी ९ होते, तीन महिन्यांनी २. पास! घरात आनंदीआनंद.

तरी डॉक्टर म्हणाले, बेरियमचा फोटो परत काढू. मावशी वैतागली. "अरे, मी जेवतेय ना व्यवस्थित! खडूचं पाणी प्यायला पुन्हा मुंबईला कशाला?" खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. राजोडीहून रिक्षा, विरारहून लोकल, उपाशीपोटी, सुट्टी टाकून. कशासाठी?

या तपासणीचं नाव टाइम्ड बेरियम इसोफॅगोग्राम. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये तिची पद्धत नीट मांडली. पेशंटला उभं करतात. सोसेल तितकं, साधारण १०० ते २५० मिली पातळ बेरियम प्यायला देतात. मग १, २ आणि ५ मिनिटांनी एक्स-रे. बेरियम एक्स-रेत पांढरं दिसतं, त्यामुळे नळीत उरलेला खांब किती उंच, किती रुंद, हे थेट मोजता येतं. निरोगी माणसात एवढ्या वेळात नळी रिकामी होते. अकॅलेशियात खांब तसाच उभा आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं टोक. उपचाराआधी आणि नंतर तेवढंच बेरियम देऊन, तसंच उभं करून फोटो काढायचे, तरच तुलनेला अर्थ.

मावशीचा आधीचा पाच मिनिटांचा खांब १६ सेंटीमीटर होता. नंतरचा १०. म्हणजे कमी झाला, पण निम्म्यानेसुद्धा नाही. आणि ही जेवतेय तर व्यवस्थित!

मग घरी मी लक्ष देऊन पाहिलं. मावशी प्रत्येक घासाला पाणी पीत होती, तांब्या संपवत होती. आमचं जेवण उरकलं तरी तिचं ताट अर्धंच. मधेच उठून खांदे ताणायची. लग्नात "उपास आहे" सांगायची. खोटं बोलत नव्हती बिचारी. इतकी वर्षं अडकत जेवल्यावर थोडं कमी अडकणं म्हणजेच तिला बरं वाटणं होतं. शिवाय ताणलेल्या नळीला साचलेलं जाणवतही कमी.

हे फक्त तिचंच नाही. २००२ मध्ये 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. फुग्याच्या उपचारानंतर बरं वाटणाऱ्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याची नळी फोटोत नीट रिकामी होत नव्हती, आणि त्यातल्या बहुतेकांचा त्रास वर्षभरात परतला. अभ्यास लहान होता, पण इशारा स्पष्ट होता.

मग फोटो वाईट आला की लगेच पुन्हा ऑपरेशन? नाही हं! उपचार फोटोवर नाही, माणसावर करायचा असतो. लाट परत येत नसल्याने थोडं बेरियम उरूही शकतं. त्रास नसेल तर डॉक्टर जवळून लक्ष ठेवतात. शंका राहिली तर मॅनोमेट्रीने नळीतला दाब मोजतात. आणि कडं सैल झाल्यावर ॲसिड वर येऊ शकतं, ते बेरियममध्ये नीट कळत नाही. त्यासाठी एंडोस्कोपी लागते.

मावशीच्या बाबतीत काही महिन्यांत घास पुन्हा अडकायला लागला. पण या वेळी आम्ही गाफील नव्हतो. ३० मिलिमीटरच्या फुग्याने कडं ताणलं. त्यानंतरचा खांब: ३ सेंटीमीटर. परवा तिने सुकेळी खाल्ली, पाण्याशिवाय. मी मुद्दाम बघत बसलो होतो.

तुमच्या घरी कोणाची ही तपासणी असेल तर लक्षात ठेवा:

- किती तास उपाशी राहायचं ते सेंटरला विचारा. नळीत आधीचं अन्न असेल तर मोजमाप चुकतं.
- गरोदर असाल किंवा पिताना ठसका लागत असेल तर आधी सांगा.
- नंतर भरपूर पाणी प्या. एक-दोन दिवस शौच पांढरट होते, बद्धकोष्ठही होऊ शकतं.
- जुन्या फिल्म फेकू नका. तुलना त्यांच्याशीच होणार आहे.

पालिकेच्या केईएम, नायर आणि सायन या रुग्णालयांत पोटविकार विभाग आहेत, तिथे चौकशी करता येईल. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. पण घरात कोणी प्रत्येक घासाला पाणी पीत असेल, तर "सवय आहे तिची" म्हणून सोडून देऊ नका. आम्ही दोन वर्षं तेच म्हणत होतो.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि जेवताना जरा सावकाश!