न झालेल्या जुलाबांची गोष्ट

प्रॅक्टिकलला रीडिंग विचित्र आलं की तुम्ही काय करता? खोडता आणि शेजारच्याचं उतरवता! डॉ. महाराज किशन भान यांनी तसं केलं नाही. १९८० च्या दशकात दिल्लीच्या 'एम्स'मध्ये या बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की काही नवजात बाळांच्या पोटात रोटाव्हायरस आहे, पण जुलाब नाहीत. पुढेही त्यांना हा आजार जोरात झाला नाही. मग याच विषाणूची लस का नको? उत्तराला तब्बल तीसेक वर्षं लागली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोरमधल्या ६,७९९ बाळांवर मोठी चाचणी झाली. २०१६ पासून ही 'रोटाव्हॅक' लस टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. भान २०२० मध्ये गेले. ते पाच थेंब पिणाऱ्या बाळांना त्यांचं नाव कदाचित कधीच कळणार नाही. तुम्हाला मात्र आता कळलंय!