पेढीवरील संगणक : यंत्र बदलावे की स्मृती वाढवावी ?

संघाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा धान्याच्या बाजारभावांविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु भाव आज असतो तो उद्या नसतो. त्यापेक्षा आमच्या पेढीवर नुकताच आलेला एक अनुभव सभासद बंधूंच्या अधिक उपयोगी पडेल असे वाटल्यावरून तोच येथे सादर करीत आहोत.

आमचे मुनीमजी तीर्थरूपांच्या वेळेपासून पेढीवर आहेत. रोजकीर्द व खतावणीच्या काळात त्यांच्या हिशेबात पैची चूक कधी सापडली नाही. पुढे संगणक आला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालास ई-वे बिल आले. बेळगावहून गोव्यास माल धाडणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांस ते रोजचेच. हे सारे त्यांनी उतारवयात आत्मसात केले. मात्र गेल्या दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर ते म्हणाले, "शेठजी, आता मला मोकळे करा. पडद्यावरचा आकडा तीन की आठ हे उमगत नाही. बिल उघडावे तो खाते झाकले जाते, आणि यंत्र तर घटका घटका अडून बसते." आम्ही निरुत्तर झालो. असा मनुष्य पुन्हा मिळणे नाही.

पेढीवरचा हा लॅपटॉप आमच्या पुतण्याचा. बेळगाव हे ओतकामाच्या कारखान्यांचे गाव. अशाच एका कारखान्यासाठी तो यंत्रभागांची रेखाटने करी. अवजड कामासाठी बांधलेल्या अशा लॅपटॉपास 'वर्कस्टेशन' म्हणतात. २०१८ साली निघालेला हा थिंकपॅड पी-५२ त्याने आम्हांस दिला खरा, परंतु त्यातील मेमरीच्या मोठ्या पट्ट्या आपल्या दुसऱ्या यंत्रासाठी काढून घेऊन ८ जीबीची एकच पट्टी मागे ठेवली. एका दुकानदाराने यंत्र पाहून ते भंगारात काढण्याचा सल्ला दिला. आम्ही नव्या यंत्राच्या खरेदीस तयारही झालो होतो. पुतण्याने मात्र आधी दुखणे ओळखावे, मग औषध घ्यावे, असा आग्रह धरला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. संगणकाची डिस्क म्हणजे वह्यांचे कपाट, आणि मेमरी, अर्थात रॅम, म्हणजे गादीपुढील बैठे मेज. कपाट कितीही मोठे असले तरी मेज अरुंद असेल, तर एक वही उघडताना दुसरी मिटावी लागते. आमच्या यंत्राचे तेच झाले होते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की मेमरी किती भरली आहे व किती खाचा वापरात आहेत हे दिसते. मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली, आणि चार खाचांपैकी तीन रिकाम्या ! या चार खाचांत मिळून १२८ जीबी मावते. अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी कायमची डाखलेली असते व वाढवता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी ही चौकशी अवश्य करावी. तसेच विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने यंत्र विंडोज ११ चालवू शकते की नाही हेही पाहावे. नाहीतर वाढविलेल्या मेमरीचा लाभ थोडाच. आमचे यंत्र या परीक्षेस उतरले.

पट्टीची खरेदी आम्ही स्वतः केली आणि फसलो. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली पट्टी डीडीआर-३ जातीची निघाली. यंत्रास हवी होती डीडीआर-४. पहिलीस २०४ संपर्कबिंदू, दुसरीस २६०, आणि मधली खोबणही निराळी. पेढीवरील पोऱ्या ती जोराने दाबू लागला तेव्हा पुतण्याने त्याचा हात धरला म्हणून यंत्र वाचले. ज्वारी घेताना आम्ही मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. येथे मात्र जात न पाहता सौदा केला, हा दोष आमचाच.

किती मेमरी घ्यावी, यावरही चर्चा झाली. खाचा आहेत तर ६४ जीबी का नको, असा मोह झाला. परंतु परिग्रह-परिमाणाचे व्रत केवळ सोन्या-धान्यापुरते नाही. मुनीमजींच्या कामास १६ जीबी पुरेशी होती. म्हणून आधीच्याच जातीची व वेगाची ८ जीबीची एक पट्टी घेतली. दोन हमालांनी मिळून पोते उचलावे, तशा सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या की जोडीने काम करतात. खाचा कोणत्या, हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव भडकले, तेव्हा गरजेपुरतेच घेण्यातील शहाणपण आम्हांस अधिकच पटले.

यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून व बॅटरीचा संबंध तोडून मगच झाकण उघडावे. अंगातील स्थिर वीज जावी म्हणून आधी धातूस हात लावावा. आमच्या यंत्राच्या पंख्यात धान्याची धूळ साचली होती, आणि दोन जिवंत सोंडेही होते. मुनीमजींनी ते मऊ कुंचल्याने कागदावर घेऊन बाहेर सोडले, मगच काम पुढे चालले. पट्टी तिरपी घालून अलगद खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या पकडी 'टक्' असा आवाज करतात.

राहिला प्रश्न डोळ्यांचा. त्यासाठी २४ इंची दोन मॉनिटर घेतले. एक एचडीएमआयच्या छिद्रास जोडला, दुसरा मिनी डिस्प्लेपोर्टास. डिस्प्लेपोर्टाकडून एचडीएमआयकडे नेणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही. तसेच प्रत्येक टाइप-सी छिद्रातून चित्र जातेच असे नाही, हे केबल घेताना लक्षात ठेवावे. प्रारंभी सर्व पडद्यांवर एकच खाते उमटले. मुनीमजी म्हणाले, "शेठजी, एकाच हिशेबासाठी तीन वह्या ?" मग विंडोजची कळ व पी दाबून 'एक्स्टेंड' हा पर्याय निवडला आणि अक्षरांचा आकार दीडपट केला. आता डावीकडे खाते, उजवीकडे ई-वे बिल, आणि लॅपटॉपवर बाजारभाव.

नव्या यंत्रास लागला असता त्याहून पुष्कळच कमी खर्चात हे साधले, आणि एक धडधाकट यंत्र कचऱ्यात जाण्याचे टळले. आपल्या शास्त्रांत स्मृतीची गणना मतिज्ञानात केली आहे. यंत्राची स्मृती बाजारात विकत मिळते. कोणत्या गिऱ्हाइकाच्या आजोबांनी कोणत्या दुष्काळात उधारी फेडली, ही मुनीमजींची स्मृती कोठेही मिळत नाही. यंदाच्या वहीपूजनासही ते गादीवर आमच्या शेजारी असतील. जय जिनेंद्र.