रंग पोटात गेला तर...

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी एक चित्र पुरे करायचे म्हणून मी घरी ओसरीवर रंगपेटी घेऊन बसले होते. वाटीत पाणी आणायला आत गेले आणि तेवढ्यात ताईचा तीन वर्षांचा मुलगा पेटीपाशी पोचला. बाहेर येऊन पाहते तो त्याचे ओठ, जीभ, हनुवटी सारे लालभडक! पेटीतली लाल रंगाची वडी अर्धी गायब होती.

"अगं बाई, पोराच्या तोंडातनं रगत येतंय!" आजीने हंबरडाच फोडला. शेजारच्या मावशी धावत आल्या. "मिठाचं पाणी पाजा, समदं ओकून पडंल," असा त्यांचा सल्ला. कोणी म्हणे घशात बोट घाला, कोणी म्हणे तूप पाजा. आई तांब्यात मूठभर मीठ कालवू लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साऱ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "तू एवढी शिकलीस, तूच सांग आता काय करायचं!" खरे सांगते, त्या क्षणी मला काहीही ठाऊक नव्हते. पेटीवरची इंग्रजी अक्षरे तेवढी वाचता येत होती.

सुदैवाने शेजारच्या दादांची मोटारसायकल दारात होती. मिठाचे पाणी तसेच राहिले आणि आम्ही मुलाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. डॉक्टरांनी शांतपणे तीनच प्रश्न विचारले: काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले? मग रंगपेटी वाचली, मुलाचे तोंड पाहिले, छाती तपासली आणि म्हणाले, "या रंगानं याला काही होणार नाही. मिठाचं पाणी पाजलं असतंत, तर मात्र झालं असतं."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. नंतर पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आणि ग्रंथालयात बसून जे समजले, ते येथे मांडत आहे.

जलरंगात मुख्यतः असते काय? रंगाची बारीक भुकटी, ती धरून ठेवणारा बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, रंग कोरडा पडून तडकू नये म्हणून थोडे ग्लिसरीन आणि टिकाऊपणासाठी अगदी अल्प औषध. मुलांच्या पेटीवर बहुधा ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असते. ते ‘खाण्याजोगे’ नव्हे. पण चुकून घोट-दोन घोट किंवा वडीचा तुकडा पोटात गेला, तर सहसा विषबाधा होत नाही, एवढा त्याचा अर्थ. फार तर पोटात थोडे मळमळते आणि दुसऱ्या दिवशी शौचाला रंग दिसतो.

मग ओकारी काढली तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. ओकताना पोटातला पदार्थ श्वासनलिकेत शिरू शकतो. रॉकेल किंवा टर्पेंटाइन प्यालेल्या मुलाच्या बाबतीत हा धोका फार मोठा. कारण ते फुप्फुसात गेले की तेथे दाह होतो. तोंड-घसा भाजणारा पदार्थ वर येताना पुन्हा भाजतो. आणि मिठाचे पाणी? लहान मुलाच्या रक्तात मिठाचे प्रमाण एकदम वाढले की त्याचा आघात मेंदूवर होतो. त्याने जीव गेल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. अमेरिकेत पूर्वी ओकारीचे औषध घरोघर ठेवायला सांगत. २००३ साली तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते घरात ठेवू नका, वापरू नका, असे सांगितले.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, करायचे ते एवढेच. प्रथम मुलाच्या हातातला रंग काढून घ्या. तोंडातला उरलेला रंग ओल्या फडक्याने पुसा, मोठे माणूस असल्यास चूळ भरायला सांगा. घोटभर पाणी पाजा. पेटी किंवा नळी फेकू नका, जवळ ठेवा. त्यावरचे नाव हीच डॉक्टरांची पहिली खूण. किती गेला आणि किती वाजता, ते लक्षात ठेवा. मग मुलावर नजर ठेवा. वडीचा तुकडा वा नळीचे टोपण घशात अडकले, श्वास लागला, खोकला थांबेना, वारंवार उलट्या झाल्या, मूल पेंगू लागले किंवा झटके आले, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका. त्याला कुशीवर निजवा.

चित्रकारांच्या भारी रंगांची गोष्ट मात्र निराळी. त्यांतल्या काहींत कॅडमियम, कोबाल्ट यांसारखे धातू असतात. अशा रंगाची नळी चोखली असेल, तर मूल हसतखेळत असले तरी विचारूनच घ्यावे. जुन्या काळचे रंग तर याहून घातक. हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचे खनिज. पोथीत चूक झाली की त्यावर ते फाशीत, त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार आला. हिंगूळात पारा आणि जुन्या सफेद्यात शिसे. युरोपात १८१४ च्या सुमारास निघालेला एक सुंदर पाचूसारखा हिरवा रंगही सोमलाचाच होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत न्यू जर्सी येथे १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायला तरुण मुली ठेवल्या होत्या. रेडियमची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करायचे, असे त्यांना शिकवले होते. प्रत्येक आकड्याबरोबर कणभर रेडियम पोटात गेले. पुढे त्यांची जबड्याची हाडे झिजली, कित्येक जणी दगावल्या. पाच जणींनी कंपनीविरुद्ध लढवलेला दावा १९२८ साली तडजोडीने मिटला. एकदाच पोटात गेलेला साधा रंग आणि रोज कणाकणाने जाणारे विष यांतला फरक यावरून कळावा.

हे वाचताना मी ओशाळले. कारण कुंचल्याचे टोक ओठांत धरायची सवय मलाही होती. भाचा ओसरीवर बसून तेच पाहत होता. मावशी ते तोंडात घालते, मग आपणही घालावे, असेच त्या जिवाला वाटले असणार. ती सवय मी त्या दिवसापासून सोडली.

आईला अक्षरे वाचता येत नाहीत. पण बाजारहाटामुळे आकडे ओळखता येतात. म्हणून त्याच लाल रंगाने मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन क्रमांक ठळक काढून ठेवले. एक १०८, रुग्णवाहिकेचा. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. दुसरा १८०० ११६ ११७, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील विषमाहिती केंद्राचा. तेथे विचारायला पैसे पडत नाहीत. आईने दोन्ही क्रमांक फोनवर दाबायचा सराव केला आहे. पुन्हा कधी प्रसंग आला आणि मी कॉलेजात असले, तरी आता घरात कोणी मिठाचा डबा शोधणार नाही.