क्रोनोग्राफ मनगटी घड्याळे, जुनी लष्करी

चालू वेळ दाखविण्याबरोबरच एखाद्या घटनेचा अवधी स्वतंत्र काट्याने मोजणारी, सेनादलांच्या वापरासाठी बनविलेली व आता संग्राह्य ठरलेली मनगटी घड्याळे. क्रोनोग्राफ म्हणजे क्रोनोमीटर नव्हे; क्रोनोमीटर हे विशेष अचूकतेच्या कसोटीला उतरलेले घड्याळ असते, तर क्रोनोग्राफमध्ये अवधिमापनाची जादा यंत्रणा असते. ‘काल लिहिणारा’ या अर्थाचे हे ग्रीक नाव पॅरिस येथील रियूसेक यांच्या उपकरणावरून रूढ झाले. १८२१ मध्ये घोड्यांच्या शर्यतीत वापरलेले हे उपकरण तबकडीवर शाईचा ठिपका उमटवून वेळ नोंदवीत असे.

यंत्रणा : क्रोनोग्राफमध्ये मूळ चक्रमालिका अखंड चालू असते. कळ दाबताच एक दंतचक्र तिच्याशी गुंतते व मधला लांब सेकंदकाटा फिरू लागतो. पुन्हा कळ दाबल्यास ते सुटते व काटा थांबतो. काटा शून्यावर आणण्यासाठी त्याच्या आसावर हृदयाच्या आकाराची चकती बसविलेली असते. तिच्यावर लहानशी हातोडी आदळली, की काटा कोठेही असला तरी ती चकती वळून एकाच ठराविक स्थितीत येते. या योजनेचे एकस्व आडॉल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये घेतले. कळांचे नियंत्रण उभ्या खांबांच्या चक्राने किंवा सोप्या, स्वस्त कॅमने केले जाते.

लष्करी उपयोग : तोफेची चमक दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा काळ मोजला, तर ध्वनीच्या वेगावरून तोफेचे अंतर काढता येते. ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ३४० मी. धरल्यास पाच सेकंदांचे अंतर सु. १·७ किमी. होते. काही तबकड्यांवर हे गणित आधीच आखलेले असते. मात्र ३०° से. तापमानाच्या हवेत हा वेग सु. ३५० मी. होत असल्याने उष्ण प्रदेशात प्रत्यक्ष अंतर थोडे अधिक असते. वैमानिकाला ठराविक दिशेने किती काळ उड्डाण झाले, हे मोजून आपले स्थान ठरवावे लागे. दिशा बदलताना थांबविणे, शून्यावर आणणे व पुन्हा सुरू करणे या तीन क्रिया एकाच दाबाने व्हाव्यात, अशी सोय १९५० नंतरच्या दशकातील फ्रेंच ‘टाइप २०’ घड्याळांत होती. ब्रिटिश हवाई दल व नौदल यांना लेमानिया कंपनीची एककळी घड्याळे पुरविण्यात आली. काळी तबकडी, ठळक पांढरे अंक व स्वयंदीप्त काटे ही त्यांची वैशिष्ट्ये शोभेसाठी नव्हेत, तर अंधारात क्षणार्धात वाचता यावे यासाठी होती. आज त्यांचे जे सौंदर्य वाटते, ते या निकडीतून आलेले आहे.

भारतातील स्थिती : क्रोनोग्राफ हे मुख्यतः वैमानिक, नाविक व तोफखान्याचे साधन होते, सामान्य सैनिकाकडे साधे तीन काट्यांचे घड्याळ असे. वेस्ट एंड वॉच कंपनीचे ‘सोवार’ हे घड्याळ घोडदळातील स्वाराच्या नावाने विकले जाई. फेवर-ल्यूबा या स्विस कंपनीचे मुंबईत १८६५ पासून कार्यालय होते. बंगलोर येथे १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेल्या एच्. एम्. टी. घड्याळांतील ‘पायलट’ व ‘जवान’ यांची नावे लष्करी असली, तरी ती क्रोनोग्राफ नव्हेत. हा घड्याळ उद्योग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली.

मुंबईतील बाजार व अस्सलपणाचा प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंबरोबर घड्याळेही विकली जातात. १९९१ पूर्वीच्या कडक आयातनियंत्रणामुळे परदेशी सुटे भाग दुर्मिळ होते. म्हणून अंधेरीसारख्या उपनगरी स्थानकांबाहेर काचेच्या पेटीमागे बसणाऱ्या घड्याळजीपासून मोठ्या दुकानापर्यंत सर्वांना एका घड्याळाचा भाग दुसऱ्यास बसवावा लागे. पावसाळी दमट हवेने डागाळलेली तबकडी नव्याने रंगविणे हीही नेहमीची दुरुस्ती होती. ग्राहकाला चालणारे व नव्यासारखे दिसणारे घड्याळ हवे असे. त्यात फसवणूक नव्हती. पुढे मात्र हेच कौशल्य जगभरच्या हौशी ग्राहकांसाठी वापरले जाऊ लागले आणि अशा मिश्र घड्याळांना संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हे उपरोधिक नाव पडले.

तबकडीवरील जाड किंवा पुसट अक्षरे, घासून बोथट झालेल्या कडा, मागील झाकणावर नंतर कोरलेले लष्करी क्रमांक ही संशयाची लक्षणे होत. तबकडीवरील मिनिटमापकाचे ३० भाग असून आतील यंत्रणा ४५ मिनिटांची असेल, तर तबकडी व यंत्रणा यांपैकी एक तरी मूळची नाही हे निश्चित समजावे. लष्करी घड्याळ हा एक प्रकारचा दस्तऐवज असतो. त्यावरील ओरखडे, डाग व खुणा पुसल्या, की ते कोणी व कसे वापरले याचा पुरावाही नाहीसा होतो.

धोका व जतन : जुन्या तबकड्यांवरील दीप्तिमान रंगात रेडियम असे. त्यातील जस्त सल्फाइड निकामी झाल्याने उजेड मावळतो. परंतु रेडियमाचा अर्धायुकाल सु. १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सर्ग टिकून राहतो. पुढे वापरात आलेल्या ट्रिटियमाचा अर्धायुकाल सु. १२·३ वर्षे आहे. रेडियमाची तबकडी खरवडू नये. तिची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते. वंगण सुकलेले घड्याळ चालविल्यास आस झिजतात, म्हणून ते चावी देऊन पाहण्यापूर्वी साफ करून घ्यावे. मूळ तबकडी डागाळलेली असली तरी ती तशीच ठेवणे व बदललेला प्रत्येक भाग नोंदवून जपणे, हेच जतनाचे योग्य धोरण होय.